राजमाता पोकुआ बंद खोलीत काय म्हणाल्या

मी, क्वाबेना अनिम, वय शेहेचाळीस, व्यवसाय दुभाषा, राहणार असुबेन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. घर आणि कोकोची बाग बहीण अकोसुआ हिला. बागेच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी मी सहा वर्षे अबोला धरला. तिने तो पुढे चालवू नये.

२. वडिलांची दुभाष्याची काठी राजवाड्यात परत करावी. राजाचे कडू बोलणे गोड करून सांगणे हे आमच्या घराण्याचे काम. राष्ट्राध्यक्ष अम्पोन्सेम यांना आमची भाषा येत नसे. त्यांच्याकडे मी नऊ वर्षे हेच केले.

३. माझ्या रोजनिश्या असुबेनच्या राजमाता पोकुआ यांना. नाते नसले तरी राष्ट्राध्यक्षही त्यांना मानाने आई म्हणत. दुसरी मुदत संपत आली तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी त्यांना विचारले, "आई, तिसऱ्यांदा उभा राहू का?" खोलीत आम्ही तिघेच होतो. त्या म्हणाल्या, "बाळा, शाळा बांधल्यास, रस्ते केलेस, पुष्कळ झालं. आता खुर्ची सोड नि घरी जा. नाहीतर लोक दंडाला धरून उठवतील." मी इंग्रजीत सांगितले, "आई म्हणतात, काम अजून उरलंय. राहा." खुर्ची गेली असती तर माझी नोकरीही गेली असती. सवयीने गोड केले, असे मी रोजनिशीत लिहिले होते. ते खोटे आहे.

त्या संध्याकाळी ते रेडिओवर म्हणाले, "असुबेनच्या राजमातेनेच मला राहायला सांगितलं." राज्यघटना बदलली. बाजारात मोर्चावर गोळीबार झाला, चौदा माणसे गेली. त्यात राजमातांचा नातू होता. पुढे लष्कराने राष्ट्राध्यक्षांना हटवले. नजरकैदेत भेटलो तेव्हा ते म्हणाले, "क्वाबेना, आईनं नको म्हटलं असतं ना, तर मी गेलो असतो रे." मी चहा ढवळत राहिलो.

आता राजमाता नळावर आल्या की बाया भांडी उचलतात. "सरका गं, अध्यक्षांच्या मातोश्री आल्या." मी असं बोललेच नाही, असे त्या सांगतात. कोणाला पटत नाही.

४. माझ्या दफनानंतर हे गावसभेत वाचावे.

हे कलम वाचून साक्षीदार एफुआबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "पोकुआ आजी एक्क्याऐंशीच्या आहेत. तू मरायची वाट बघायची त्यांनी?"

"शस्त्रक्रियेनंतर सांगेन."

"जगलास तर नाही सांगायचास तू. ओळखते मी तुला."

त्यांचे खरे आहे. कलम चार रद्द. उद्या सकाळी गावसभेत, राजमातांसमोर, मी स्वतः वाचेन. आवाज फुटला नाही तर एफुआबाईंनी वाचावे, पण संपेपर्यंत मला तिथून उठू देऊ नये.

सही: क्वाबेना अनिम

समक्ष सह्या: एफुआ क्वान्सा, शिक्षिका, याव डोन्कोर, टपाल कर्मचारी

असुबेन, गुरुवार, ९ मार्च २०१७