कनकीएवढा दात

माय, मागच्या दिवाळीनंतर माझ्या जबड्याचा फोटो काढला, हाडासकट. इथं हैदराबादेत दातांचं सरकारी कॉलेज आहे, तिथं शिकाऊ डॉक्टर तारा लावून दात सरळ करतात. कंपनीतला सुपरवायझर मला सगळ्यांसमोर ‘ए खिडकी’ म्हणतो, म्हणून गेलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘आधी तुह्या घरचे दरवाजे मोज म्हणा त्याले.’

डॉक्टरीण म्हणजे पोरगीच. तिनं कॉम्प्युटरवर पेन ठेवून दाखवलं. समोरच्या मोठ्या दाताच्या डावीकडे, जिथं माझी खिडकी आहे, तिथं वर हाडात काहीच नव्हतं. ‘इसका बीज ही नहीं बना,’ म्हणाली. दात कुठं अडकला नव्हता. तो कधी तयारच झाला नव्हता. मी खुर्चीत ताडकन उठून बसलो. तू तर मला वेगळंच सांगत आली होतीस.

रोवण्याचे दिवस होते. तू धानाच्या बांधीत वाकलेली, हातात पऱ्ह्याची रोपं, आणि मी बसलो होतो त्या धुऱ्यावरच माझा दुधाचा दात पडला. आपल्याकडं तो शेणाच्या गोळीत घालून घराच्या कवेलूवर फेकतात, नाहीतर नवा येत नाही म्हणतात. ‘घरी गेल्यावर फेकू,’ म्हणून तू तो पदराच्या टोकाला बांधलास. संध्याकाळी बघतो तर गाठ सुटलेली. तू चिखल चाचपून राहिली, आणि बाया हसून राहिल्या. काकू म्हणाली, ‘अवो, धान लावलं का दात लावला? आता दाताचं पीक येते पाय!’ तू नाही हसलीस.

नवा दात आलाच नाही. तू अधूनमधून माझा ओठ वर करून हिरडी दाबून बघायचीस. ‘येऊन राहिला का रे?’ मी हो म्हणायचो. गोंदियाच्या दवाखान्यात शेवटी तापातसुद्धा माझी हनुवटी धरून तेच, ‘माह्याच हातानं गेला रे तुहा दात.’ मी म्हणालो, ‘काऊन त्याचंच घेऊन बसली? झोप ना.’

तर माय, तो दात तुझ्या हातानं गेला नाही. कवेलूवर फेकला असतास तरी नवा आला नसता. एवढं सांगायला मी लिहून राहिलो.

पण त्या पोरीनं पुढं विचारलं. माझा खिडकीच्या जोडीचा उजवीकडचा दात बारीक, टोकदार आहे. हे दोन्ही एकाच जातीचं, म्हणाली, बहुतेकदा घराण्यातून येतं. घरात कोणाला आहे? आणि मला तू दिसलीस, हसताना तोंडावर पदर घेणारी. मी त्याला लाज समजायचो. पदराआड कनकीच्या, फुटक्या तांदळाच्या दाण्याएवढा एक दात होता.

‘माँ को,’ मी म्हणालो.

आता ही अर्धी गोष्ट तुला कशी सांगू? तू पुन्हा कपाळाला हात लावशील, ‘म्हणजे माह्याच पासून.’

तारा लागल्या आहेत. डावीकडं जागा झाली की खोटा दात बसवतील. उजवीकडच्या कनकीवर मसाला चढवून तो बाकीच्यांसारखा करायचा आहे. दुखत नाही, जरा वेळाचं काम. ती दरवेळी विचारते, ‘वो छोटावाला आज कर दें?’ मी सांगतो, ड्युटीवर जायचं आहे.

कॉलेजात जायच्या दिवशी मला सुट्टी असते, माय.