सातव्या फोटोतली भेग

लातूर, १ सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकांस,
उर्वीचा सा. न. वि. वि.

कानाला मशीन लावूनही तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या वाचनालयाचे फोटो सोबत आहेत. निजामाच्या काळातली ती शाळेची इमारत अजून रुबाबदार दिसते. पण सातवा फोटो बघा. उत्तरेच्या भिंतीतल्या भेगेत जूनमध्ये पेन्सिल जेमतेम शिरत होती, आता माझी दोन बोटं जातात. हा फोटो सरकारकडे द्यायच्या जतनाच्या प्रस्तावाला जोडला, तर इमारत धोकादायक ठरवून पाडतील आणि तुमची बारा वर्षांची खटपट वाया जाईल. न जोडावा, तर तुम्ही रोज त्याच भिंतीला टेकून पेपर वाचता. मला काही सुचत नाही.

काकूंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, माझं कुठं ऐकून राहिलेत ते.

रागावलात तरी लोभ असू द्यावा.
उर्वी

बिलोली, ६ सप्टेंबर

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी पाल दिसली तरी तू गल्ली गोळा करायचीस, ती सवय गेलेली दिसत नाही. मुक्तिदिनाच्या झेंड्याआधी दरवर्षी चुना मारतोच, यंदा लवकर मारून घेतला. भेगही बुजवली. वैजनाथ फोटोवाल्याकडून फोटो काढून पाठवतो आहे, सातव्याच्या जागी तो लाव. त्या भिंतीपाशी मी बाराखडी शिकलो आणि पुढं तिथंच शिकवली. सतराला झेंड्यानंतर आत बक्षीस वाटप आहे, सत्तर पोरं येतील. तूही ये.

काकूचे आशीर्वाद. तब्येतीला जप.
रेणुकादास

लातूर, ११ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. नव्या चुन्यावर कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत बारीक रेघ उमटली आहे. म्हणजे चुना वाळतो न वाळतो तोच भिंत सरकली. मला तुमचा संताप आला, काका. भेग झाकून तुम्ही तिच्याजवळ सत्तर पोरं बसवायला निघालात.

दोन्ही फोटो आज प्रस्तावाला जोडून दिले, तुम्हाला न विचारता. माझं तोंड पाहणार नाही म्हणालात तरी चालेल, पण सतराला कुणालाही आत बसवू नका. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

लोभ तुटू देऊ नये, एवढंच मागते.
उर्वी

बिलोली, १९ सप्टेंबर

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाल्यावर चार दिवस तुझ्यावर धुमसत होतो, खोटं कशाला सांगू. सोळाला संध्याकाळी त्या रेघेवर हात फिरवला. अख्खं नख आत गेलं.

बक्षिसं उन्हात, पटांगणातच वाटली. सगळ्यांदेखत आपला शिपाई साहेबराव म्हणाला, गुरुजी लई भित्रे झाले. हाव, झालो, म्हणालो. भिंत पडली नाही, अजून उभी आहे. लोक हसून राहिलेत. काल मात्र वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून इमारत पाडायच्या अर्जावर मीच सही केली.

पाडायच्या आत ये आणि फोटो काढ, पण बाहेरूनच. लोभ होता तसाच आहे. कुलपाची किल्ली साहेबरावकडे देऊन टाकली. माझ्याजवळ असती, तर मी आत जाऊन बसलो असतो.

रेणुकादास