फेटा कुणाला बांधायचा

अप्पा, तुमचे पैसे बुडवणाऱ्या त्याच ठेकेदाराला मी हुलसूरच्या माझ्या घराचं काम दिलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्याने मला ओळखलंच नाही. घरचे म्हणाले, "कामून त्यालाच?" मी म्हटलं, दर परवडतो. खरं कारण तुम्हाला सांगते. बिदरच्या त्या डॉक्टरांच्या घराची सगळी फरशी तुम्ही बसवलीत, आणि याने मालकाकडून पैसे उचलून तुम्हाला ठेंगा दाखवला. तुम्ही मालकाकडे जाता, मी तुमचं बोट धरून. तो पायरीवरूनच म्हणतो, "मी ठेकेदाराला दिलेत, तुमचं तुम्ही बघा." वास्तुशांतीला कारागिराच्या मानाचा फेटाही ठेकेदारानेच मिरवला आणि तुम्ही मांडवाबाहेर उभे. त्या संध्याकाळी चुलीपुढे आई तुमच्या बोटांच्या भेगांत खोबरेल भरत होती आणि तुम्ही म्हणत होतात, "जाऊ दे, देव बघून घेईल." देवावर सोडायला मी तयार नव्हते.

घर पुरं झालं आणि मी त्याचा शेवटचा हप्ता अडवला. तो रोज यायचा. "ताई, कामून अडवायलाव? काम तर चोख झालंय की." मी चहासुद्धा विचारला नाही. फार गोड दिवस होते ते. मग एका सकाळी फाटकाशी कमठाणा गावचा फरशीवाला आला, माझ्या घरात स्वतःच बसवलेल्या फरशीवर यायला चपला काढून. "अक्का, ठेकेदार म्हणायलाय, मालकीणबाईनीच दिलं न्हाई तर मी कुठून दिऊ?" माझ्या सुडाचा भार ठेकेदाराने सरळ त्याच्यावर ढकलला होता. मी वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, "तुमचा करार ठेकेदाराशी. फरशीवाल्याचं तुम्ही काही देणं लागत नाही. द्यायचेच असतील तर ठेकेदाराची सही घ्या, नाहीतर तो पुन्हा मागेल." अप्पा, ते पायरीवरचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

वास्तुशांतीला ठेकेदार कडक इस्त्रीत येऊन पहिल्या रांगेत बसला. मी फरशीवाल्याला बोलावलं, फेटा त्याच्या डोक्यावर बांधवला आणि ठेकेदाराच्या हप्त्यातून त्याची पूर्ण मजुरी त्याच्या हातात दिली. मग सगळ्यांदेखत कागद ठेकेदारापुढे धरला. "करा सही. तुमच्याच पैशातनं दिलेत." तुमचं नाव, तुमचं काम, तेही तिथेच सांगितलं. त्याचे कान लालबुंद झाले. सही करून तो पंगतीतलं हुग्गीचं गोड न खाताच उठला. तुम्ही असतात तर त्याला हात धरून पंगतीत बसवलं असतं, म्हणून मला तुमचाही राग येतो.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. हप्त्यातले उरलेले पैसे ठेकेदाराच्या हक्काचे आहेत आणि अजून माझ्याकडेच आहेत. काल त्याच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, आमच्या अप्पाचं बाकी कधी देताव?" मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, अप्पा.