मालनला कॉन्कॉर्डमध्ये बसवण्याबाबत

मी, वासुदेव भिकाजी पालशेतकर, वय ७१, राहणार भाट्ये, रत्नागिरी, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे; पत्नी मालन हिला तो अजून पटलेला नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात मालनचे, तिच्यानंतर मुलगा सागर याचे. होडी आणि जाळी आजपासूनच सागरची समजावी. नाहीतरी तो मला हात लावू देत नाही.

२. चुलतभाऊ रामा याला काही नाही. आवाजाच्या दुप्पट वेगाने माणसे नेणारे विमान मी या हातांनी धुतले, असे सांगितले तर त्याने भर जेटीवर मला थापाड्या ठरवले. म्हणून येथे नोंदवतो. १९७६ साली कॉन्कॉर्डची लंडन-बहारीन फेरी सुरू झाली, तेव्हा मी बहारीनच्या विमानतळावर सफाईला होतो. इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून अशी विमाने बांधली अवघी वीस. प्रवाशांच्या नेहमीच्या फेऱ्या केल्या त्यांतल्या चौदांनीच. उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून ते आपली लांब चोच खाली झुकवी. उडताना इतके तापे की सबंध विमान वीतभर लांब होई, आणि थंडावल्यावर पुन्हा मापात येई. हे कळले तेव्हा मी हातातला फडका विसरून उभा राहिलो. आजही अंगावर काटा येतो.

नारळी पौर्णिमेला मला राहवले नाही. आमच्याकडे होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावून नारळ फोडतात. मी शिडीवर चढून त्या चोचीला कुंकवाचे एक बोट लावले. विमानाच्या देखभालीवरच्या इंग्रज साहेबाने पाहिले, पण ओरडला नाही. पांढरा रंग उष्णता परतवण्यासाठी असतो, एवढे समजावून माझ्याकडूनच पुसून घेतले. नारळ मात्र आम्ही दोघांनी खाल्ला.

३. लग्नानंतर मालनला शब्द दिला होता, एकदा तुला त्यात बसवीन. १९८० मध्ये बहारीनची फेरी बंद झाली. २००० साली पॅरिसजवळ अपघात झाला, आणि २००३ नंतर त्यांतले एकही उडाले नाही. एक विमान इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहे, आत चढता येते. मुलगी निशिगंधा त्याच शहरात नर्स आहे. माझ्या पश्चात टपालातली ठेव मोडून मालनने तेथे जावे आणि खिडकीशी बसावे.

हे कलम वाचून दाखवताच मालन भडकली. "मी एकटी जाऊन बसू? आनि बाजूला कोन, तुमचा फोटू? न्यायचा तर आता न्या. मेल्यावर कसले शब्द पाळताय!"

सबब कलम ३ रद्द समजावे. ठेव मी स्वतःच मोडत आहे; तिकिटे दोन काढायची आहेत. बाकीचे मृत्युपत्र कायम, पण ते अमलात आणायची कोणी घाई करू नये.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १२ जानेवारी २०२६

सही : वासुदेव भिकाजी पालशेतकर

साक्षीदार :
१. डॉ. मनस्वी शेट्ये
२. नितेश जाक्कर, शेजारी