टेंपोचे पाटे

फुला,

तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाय. पेज झाकून ठेवलीय, गरम करून पी. मी जीप घेऊन नाशिकला गॅरेजात चाललो. नाल्यातल्या दगडांना जीपचं पोट घासू नये म्हणून चाकांवर भंगारातल्या टेंपोचे स्प्रिंगचे पाटे बसवले होते ना, ते काढून टाकतो. जीप वीतभर उंच झाली तेव्हा गावभर मिरवलो मी. पण ते पाटे लय कडक. रिकामी गाडी आदळायची, म्हणून मागं रेतीची पोती ठेवायचो.

बाळ आधीच गेलं होतं, गाडीच्या धक्क्यांनी नाय, असं डॉक्टर म्हणतात. तूही तेच म्हणतेस.

फुला, त्या दिवशी दवाखान्यात निघताना ती पोती मीच उतरवली. तुला पाय पसरून निजता यावं म्हणून.

मंगळू