सवतीची न मोजलेली फेरी

तीर्थरूप मामा,

तुमच्या उजव्या पायाला नमस्कार. डावा प्लास्टरात आहे, तो मोकळा झाल्यावर त्याला वेगळा करीन. (दोन्ही पायांना एकदमच केला असता, पण गॅरेजच्या खड्ड्यात उतरताना तिथे नसलेली पायरी तुम्ही गृहीत धरलीत, त्याला माझा इलाज नाही.) झोप, भूक आणि चिडचिड कशी आहे? चिडचिड वाढली तर प्रकृती सुधारते आहे असं समजावं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. आईनं तसं कळवलं आहे, तेव्हा ती तुमच्याकडे हसतमुखानं सगळं ऐकून घेत असेल.

तुमची आज्ञा होती की निकाल फोनवर कुणी सांगायचा नाही, मी तो क्रमानं लिहायचा, आणि शेवट आधी सांगितला तर पत्र न वाचता परत येईल. म्हणून क्रमानं लिहितो. वैद्यबुवा पत्र हातोहात आणून देतील. (लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनाची नाडी पाहणाऱ्या आपल्या मेकॅनिकला सगळे वैद्यबुवा म्हणतात, हे आईला माहीत नाही. पत्र मोठ्यानं तीच वाचणार, म्हणून हा खुलासा.) तुमच्या पणाचीही तिला कल्पना नसावी. चाळीस वर्षं बाळगलेल्या तुमच्या या जुन्या शर्यतीच्या गाडीनं आजवर एकही शर्यत पुरी केलेली नाही. या खेपेलाही वाटेत बसली, तर ती एका हॉटेलवाल्याला देऊन टाकायची, तो तिला दर्शनी दालनात काचेमागे ठेवणार, असा शब्द तुम्ही मामींना दिला आहे. चार तास संपल्याचा झेंडा पडेल तेव्हा गाडीनं स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर रेषा ओलांडायची, तरच ती घरी येणार.

हॉटेलवाला सकाळी नऊलाच मोजपट्टी घेऊन शर्यतीच्या मैदानावर हजर झाला. काचपेटीसाठी मापं हवीत म्हणाला, आणि आरसे धरून मोजू की सोडून, हे मलाच विचारलं. मी आरसे धरून मोजायला सांगितलं. ही फितुरी झाली का, यावर त्या दिवशीच्या डायरीत पाऊण पान खर्ची पडलं आहे. मामी तिथे आपल्याला मिळालेल्या गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर, रस्त्याकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत होत्या. धाकटी लेक चालवणार म्हणून आले, या सवतीचं तोंड पाहायला नाही, हे त्यांनी वैद्यबुवांना, मला आणि हॉटेलवाल्याला वेगवेगळं सांगितलं.

आणि तरीही, मामा, त्या सकाळी गाड्या ज्या दिसल्या त्या मला आयुष्यभर पुरतील. तुमच्या गॅरेजात ही गाडी मी शंभरदा पाहिली आहे. पण तिथे ती आजारी माणसासारखी अंगावर चादर घेऊन असते. इथे उन्हात अशा एकोणीस उभ्या होत्या. हातानं ठोकून आकार दिलेले पत्रे, त्यांवर अजून दिसणारे हातोडीचे ठसे, जाळीमागचे मोठे दिवे. दिवसाच्या शर्यतीत दिवे कशाला, असं मी विचारलं तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, या गाड्या दिवस-रात्र धावायलाच जन्मल्या, दिवसाचं धावणं ही यांची विश्रांती. एवढ्या पातळ पत्र्याच्या पोटात एवढा धीर कोण ठेवतं, या विचारात मी पेन्सिल दोनदा तासली आणि दोनदा मोडली.

शेजारच्या गॅरेजात आजच्या काळातली गाडी होती, फक्त दाखवायला आणलेली. तिथली फरशी आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा स्वच्छ. (मामींनी हे वाक्य वाचू नये.) ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद ती बॅटरीत साठवते आणि पुढच्या वळणानंतर परत वापरते, हे तिथल्या इंजिनिअर बाईंनी सांगितलं. मला वाटलं, अशी सोय माणसात असती तर मी आतापर्यंत केवढा तरी पुढे गेलो असतो. स्टिअरिंगवर चोवीस बटणं. आणि याच बाई दुपारी आपल्या गॅरेजात आल्या, तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाशी वाकल्या आणि डोळे मिटून वास घेत राहिल्या. आमच्या गाडीला वासच नाही, म्हणाल्या.

आता माझा गुन्हा. फेऱ्या मोजण्याची तुम्ही लावून दिलेली पद्धत मी अक्षरशः पाळत होतो. पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून पेट्रोल फेऱ्यांनी मोजायचं. टाकीत सव्वीस फेऱ्यांचं. चोविसावी झाली की रस्त्याकडेच्या भिंतीवरून धाकटीला पाटी दाखवायची, पंचविसावी संपताना तिनं आत यायचं. पहिली टाकी बिनचूक झाली. धाकटी घामानं निथळत उतरली, पाणी प्यायली, आणि दात काढताना हात एवढा दुखत नाही म्हणाली. (दंतवैद्य असल्यामुळे ती सगळं त्याच मापानं मोजते.)

दुसऱ्या टाकीच्या अकराव्या फेरीला शेजारच्यांनी आपली गाडी उजेडात ढकलली. ती चोवीस तासांची शर्यत संपवून आली होती आणि त्यांनी ती धुतली नव्हती. मुद्दाम. नाकाडावर हजारो चिलटं चिकटलेली, कुठे रबराचे काळे शिंतोडे, दारावर कुणाच्या तरी हाताचा तेलकट पंजा. मामा, मी बावीस वर्षं डायरी लिहितो, पण एवढी प्रामाणिक डायरी मी पाहिली नव्हती. संध्याकाळची चिलटं खाली, त्यांवर रात्रीची धूळ, त्यावर पहाटेच्या पावसाचे ओघळ. मी वाचत उभा राहिलो. पाठीमागून तुमची गाडी गेली. मी तिचा आवाज ऐकला, पण गाडी पाहिली नाही.

आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही, हा माझा नियम. वैद्यबुवा गेली म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पाहिलीत का? ते म्हणाले, मी कानानं पाहतो. यावर मी तिथे प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या फेरीला शांत मनानं ‘अकरा’ लिहिलं. मामा, जगात खोटं बोलून लोकांनी गाड्या बुडवल्या असतील. खरं लिहून बुडवणारा मी पहिला.

पाटी एक फेरी उशिरा गेली. त्या फेरीच्या शेवटी आपल्या गाडीचा आवाज वळणावर आला आणि तिथेच तुटला. ती दिसली तेव्हा उतारावरून मुकाट घरंगळत येत होती. धाकटीनं तिला कशीबशी गॅरेजांसमोरच्या आतल्या रस्त्यावर घेतलं आणि ती आपल्या दारापासून चाळीस पावलांवर थांबली. नियम असा की आतल्या रस्त्यावर गाडी ढकलता येते, पण फक्त आपल्या माणसांनी. धाकटीनं स्टिअरिंग सोडायचं नाही. राहिलो मी आणि वैद्यबुवा. रस्ता किंचित चढाचा. आम्ही जीव लावून ढकललं, गाडी दोन पावलं पुढे आली आणि माझा चष्मा तिच्याखाली गेला. हॉटेलवाला कुंपणापलीकडून सहानुभूतीनं पाहत होता.

मदतीसाठी मी मामींकडे पाहिलं नाही, शपथेवर सांगतो. त्यांनी नुसतं बसून राहायचं होतं, तेवढ्यानं चाळीस वर्षांची सवत जाणार होती. पेन शब्दकोड्यात ठेवून त्या उठल्या, चपला काढल्या, आणि तापलेल्या पत्र्यावर दोन्ही हात टेकले. गाडीला त्यांनी लावलेला हा पहिला हात. मला म्हणाल्या, "काय रे मोजणाऱ्या, एक फेरी कुठे सांडलीस?" वैद्यबुवा काहीतरी म्हणणार होते, त्यांना म्हणाल्या, "माझी पोरगी आत आहे म्हणून. ढकला."

गाडी हलली. चाळीस पावलं आम्ही कशी गेलो ते मला लिहिता येत नाही, कारण चष्म्याशिवाय मला धड काही दिसलं नाही. टाकी भरली. दोनदा इंजिन घोगरं होऊन बंद पडलं. वैद्यबुवांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तिसऱ्यांदा बोट वर केलं आणि ते लागलं. नऊ मिनिटं गेली होती.

मामी पुन्हा खुर्चीवर बसल्या नाहीत. माझ्या हातून पाटी काढून घेतली आणि शेवटचा पाऊण तास भिंतीपाशी उभं राहून प्रत्येक फेरी स्वतः मोठ्यानं मोजली. मी त्यांच्या शब्दावर लिहीत गेलो. आपला नियम असा मोडताना मला इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं. दोन वाजता झेंडा पडला. तुमची गाडी सतराव्या क्रमांकावर, एक दिवा फुटलेली, तेलानं माखलेली, स्वतःच्या इंजिनावर रेषा ओलांडून गेली. धाकटी आत रडत होती, की घाम होता, कोण जाणे. मामींनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे ही आता घरीच येणार म्हणायची." हॉटेलवाल्यानं मोजपट्टी गुंडाळली.

प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा

ता.क. अधिकृत फेऱ्या पासष्ट, माझ्या वहीत चौसष्ट. त्यांचं बरोबर आहे.

ता.क. २. गाडी वैद्यबुवा आणि मी दोघांनीच ढकलली असं लिहायला मामींनी सांगितलं होतं. ते जमलं नाही. तेवढा मजकूर वाचला नाहीत असं वागा.

ता.क. ३. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे. येताना मामी गाडीशी एकट्या उभ्या होत्या. या गाड्यांना चालवणाऱ्याशेजारी दुसरी बैठक ठेवावीच लागते, असा त्या काळचा नियम होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्या बैठकीकडे पाहिलं. तिथे तुमची हत्यारांची पेटी पट्ट्यानं बांधलेली आहे. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत ‘बसतेस का’ म्हणून यांनी एकदाही विचारलं नाही." मामा, पेटी वैद्यबुवांनी उतरवून ठेवली आहे. विचारा.

ता.क. ४. पहिल्यांदा त्या नको म्हणतील. पुन्हा विचारा.