उजवा खांदा अर्धा इंच खाली

सोमवार, ७ नोव्हेंबर

बटणवाल्याने आज विचारलं! दोन डझन बटणं मोजता मोजता, मान वर न करता — "आपण लग्नाचं बघायचं का?" मला आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचे कोट शिवायला आलेत. मग त्याचे कान लाल झालेले दिसले. घरी येऊन मोजली तर बटणं सत्तावीस निघाली.

रविवारी सांगते म्हटलं. शिंप्याचा रविवार म्हणजे कोणता, हे वीस वर्षं शेजारी दुकान असलेल्या माणसाला कळायला हवं.

माणूस चांगला आहे. पण हे जाऊन दोन वर्षं होत आली तरी मी सकाळी दोन कप चहा टाकते, आणि दुसराही मीच पिते. अशा बाईने नवं घर कसं मांडायचं?

मंगळवार, ८ नोव्हेंबर

ह्यांच्या मापवह्यांची फळी आवरायला काढली. मापं आणि कापणी ह्यांची, शिवण माझी — हीच आमची वाटणी होती, त्यामुळे वह्या मी कधी उघडल्या नव्हत्या. उघडल्या नसत्या तर बरं झालं असतं.

सोळा वर्षांच्या सोळा वह्या. प्रत्येकीत नोव्हेंबरात एक पान, वर गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसतं 'छोटी'. पहिल्या वहीत छाती बावीस, शेवटच्या वहीत चौतीस. म्हणजे पोर चार वर्षांची होती ती वाढून एकोणीस वर्षांची झाली. आणि प्रत्येक पानाखाली ह्यांच्या अक्षरात — उजवा खांदा अर्धा इंच खाली.

हा खांदा मी ओळखते. सासऱ्यांचा तसा, ह्यांचा तसा, वन्संचा तसा. घराण्याचा खांदा आहे तो!

ह्यांना मुलगी होती.

गुरुवार, १० नोव्हेंबर

दरवर्षी नोव्हेंबरात "कापड बघून येतो" म्हणून दोन दिवस जायचे. आणि मी बावळट, डबा भरून द्यायची!

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. वन्संनी — म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, लग्न केलं नाही, इथेच राहतात, काजं करतात — विचारलं, असा का? म्हटलं, उन्हाने विटतोय. खोलीत ऊन येत नाही.

संध्याकाळी फोटोच्या पाठीवर धूळ दिसली. पुसली. राग आपल्या जागी, धूळ आपल्या जागी.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

बटणवाल्याकडे जाऊन ताडकन सांगितलं — हो, करू लग्न. त्याने विचारलं, एकदम कसं काय ठरलं? मग मला राहवेना. वह्या, छोटी, खांदा, सगळं ओकून टाकलं. त्याच्या हातातली डबी पडली. दुकानभर बटणं.

खाली बसून वेचता वेचता म्हणाला, "ते तसे नव्हते. आणि सूड म्हणून हो म्हणू नका. मी रविवारपर्यंत थांबतो. कोणताही येऊ दे."

मेल्या माणसाची कड घेतो! सगळे पुरुष एका माळेचे मणी.

रविवार, १३ नोव्हेंबर

हा नव्हे.

सोमवार, १४ नोव्हेंबर

शेवटच्या मापावरून कोट कापला. आहे तरी कशी ते बघू म्हटलं. रात्रीपर्यंत पुतळ्यावर चढवला. बाह्या लांब, पाठीला जरा बाक — वाचनाची आवड असणार. अस्तर चांगल्यातलं लावलं. रागाने शिवायला बसले होते, मग अस्तर चांगल्यातलं का लावलं कोण जाणे.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

वन्सं काजं करायला कोटाजवळ गेल्या. उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि खालीच बसल्या.

छोटी त्यांची आहे! आमच्या लग्नाआधीची गोष्ट. सासऱ्यांनी बाळ दुसऱ्या गावच्या एका जोडप्याला दिलं आणि घरात पुन्हा विषय काढायचा नाही म्हणून बजावलं. वन्संना जायचा धीर झाला नाही. हे मात्र मामा म्हणून जात राहिले, दरवर्षी माप घेऊन कपडे करत राहिले. "दादाने शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. तुम्हालासुद्धा नाही, वहिनी."

आणि ते कपडे शिवले कुणी? मी! "बाहेरगावचं गिऱ्हाईक आहे" म्हणायचे. तिच्या फ्रॉकला झालर लावताना मी कंटाळून त्या गिऱ्हाइकाला शिव्यासुद्धा घातल्या आहेत.

मग रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडले. ह्यांचं दुसरं कुणी नव्हतं म्हणून, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही म्हणूनही. फोटो सरळ केला. थोडं भांडले, मग बरं वाटलं.

बुधवार, १६ नोव्हेंबर

कोटाचं पार्सल टाकलं. पत्ता वन्संना पाठ होता. चिठ्ठीत लिहिलं — मी तुझी मामी. दोन वर्षांचं माप राहिलंय, येऊन दे. इथे तुझी वाट बघणारं आणखी एक माणूस आहे.

शनिवार, १९ नोव्हेंबर

उत्तर नाही. वन्संनी एका सदऱ्याला सातऐवजी अकरा काजं केली. मी गुपचूप चार शिवून टाकली.

रविवार, २० नोव्हेंबर

छोटी आली! कोट घालून. दोघी दारातच एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदमच रडायला लागल्या. कुणीतरी काहीतरी करायला हवं, म्हणून मी टेप घेऊन मध्ये शिरले. माप घेता घेता म्हटलं, मामा गेल्यावर कुणी फिरकलंसुद्धा नसेल ग तुझ्याकडे.

"फिरकलं की! बटणवाले काका येतात ना. मामांनी आजारपणात त्यांना सांगून ठेवलं होतं. माप मात्र घेता येत नाही त्यांना, दोन्ही वर्षी बाह्या आखूड."

म्हणजे त्या दिवशी मी ह्यांना नाही नाही ते बोलत होते, तेव्हा ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं. आणि ह्यांना दिलेला शब्द पाळून तो खाली बसून बटणं वेचत होता.

त्याचं दुकान रविवारी बंद असतं. शटर वाजवून उघडायला लावलं, आणि हो सांगून आत्ताच आले.